सोपं काम यंत्राकडे, अवघड माणसाकडे: कौशल्य गंजतं ते नेमकं कुठून

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे सरकला की यंत्रमागाच्या शेडमध्ये ताण्याचे, म्हणजे मागावर उभे लावलेले, धागे एरवीपेक्षा जास्त तुटू लागतात. सुती धागा ओलाव्यात बळकट असतो, कोरड्या हवेत त्याचा दम कमी होतो. सुती विणकामाला शेडमध्ये ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते आणि इथली मे महिन्यातली दुपार त्याच्या जवळपासही फिरकत नाही. साध्या मागावर तुटलेला धागा विणकरालाच हेरावा लागतो. ऑटो मागावर ते काम यंत्र करतं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी अडकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते, विजेचं सर्किट जुळतं आणि माग थांबतो. कापडात दोष जात नाही, चादर दुय्यम मालात निघत नाही. सोय उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही.

पण ती पट्टी ‘तुटला’ एवढंच सांगते. का तुटला ते धागा सांगतो, आणि तो वाचता यावा लागतो. पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटत असेल तर दोष मागात आहे: धागे ओळीत ठेवणाऱ्या फणीचा एखादा दात वाकलाय किंवा धागा ज्या तारेच्या डोळ्यातून जातो तो डोळा खरबरीत झालाय. पन्हाभर, म्हणजे कापडाच्या रुंदीत कुठेही, विखरून तुटत असतील तर दोष सुतात, खळीत किंवा हवेत. फक्त काठाकडे तुटत असतील तर कापड आत ओढलं जातंय आणि काठाचे धागे फणीला घासताहेत. तुटलेलं टोक पिंजारलेलं असेल तर धागा घासून झिजलाय. कापल्यासारखं स्वच्छ असेल तर कुठेतरी धार लागतेय.

साध्या मागावर वर्षं काढलेल्या विणकराला हे कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं. नजर सतत ताण्यावर फिरवावी लागायची, म्हणून ढिला पडलेला धागा तुटायच्या आधीच दिसायचा. धोट्याची खटखट जरा बदलली तरी कान टवकारायचे. ऑटो मागावर लागलेला नवा मुलगा गाठ मारतो, बटण दाबतो आणि पुढच्या मागाकडे पळतो, कारण त्याच्याकडे माग जास्त असतात. दोन वर्षांत त्याच्या हातून हजारो गाठी मारून होतात. गाठ सफाईदार होते. कारण ओळखणं मात्र त्याच्या वाट्यालाच आलेलं नसतं. मग एक दिवस एकाच मागावर दर पाच मिनिटांनी पट्टी पडायला लागते, आणि जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, येईपर्यंत माग उभा.

यंत्रांनी माणसाचं कौशल्य खाल्लं, असं आपण ढोबळपणे म्हणतो. प्रत्यक्षात घडतं ते थोडं वेगळं आहे आणि समजून घेण्यासारखं आहे. यंत्र रोजचं, सोपं काम उचलतं आणि क्वचित येणारं, अवघड काम माणसाकडे ठेवतं. पण अवघड काम जमायला लागणारा सराव त्या सोप्या कामातूनच मिळत होता. सराव गेला, जबाबदारी मात्र राहिली. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ महिलेने स्वयंचलित कारखान्यांतल्या कामाबद्दल हेच मांडलं होतं. यंत्र जितकं भरवशाचं, तितका माणूस कमी वेळा हात घालणार. आणि ज्या दिवशी हात घालावा लागेल तो दिवस नेहमीपेक्षा अवघडच असणार, कारण सोपं असतं तर यंत्रानेच निभावलं असतं.

तिने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काम यंत्राला दिलं की माणसाला ‘लक्ष ठेव’ असं सांगितलं जातं, आणि नुसतं लक्ष ठेवणं हेच माणसाला सर्वांत कमी जमतं. रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर लावून बसणाऱ्यांचा प्रश्न घेऊन नॉर्मन मॅकवर्थ यांनी केलेले प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं खुणा हुकवू लागतात, असं त्यांतून दिसलं. हा आळस नव्हे, मेंदूची घडणच तशी आहे. ‘अरे, लक्ष कुठंय तुझं?’ असं ओरडून हे सुधारत नाही.

ग्राफवरची नक्षी

सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि तिची ओळख म्हणजे जॅकार्डवरची नक्षी. जॅकार्ड यंत्रणा फ्रान्समधल्या लियों शहरात १८०४ च्या सुमारास तयार झाली. तिचं तत्त्व भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालतं. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक ओळीला एक पत्ता. नक्षी हजार ओळींनंतर पुन्हा सुरू होत असेल तर हजार पत्ते पाडायचे आणि क्रमाने गुंफायचे.

पत्ते पाडण्याआधी ग्राफ काढावा लागायचा. चौकटीच्या कागदावर एक खण म्हणजे ताणा आणि बाण्याचा एक छेद. यात दोन जागी नवशिक्या हमखास फसायचा. पहिली जागा नक्षीच्या मापाची. समजा कापडात इंचाला ताण्याचे ४८ आणि बाण्याचे ३६ धागे आहेत. मग ग्राफवर ४८ खण रुंद आणि ४८ खण उंच फूल काढलं, तर कापडावर ते एक इंच रुंद आणि सव्वा इंचाहून जरा जास्तच उंच निघणार. गोल फूल हवं असेल तर उंचीला ३६ खणच घ्यायचे. दुसरी जागा बांधणीची. नक्षीत धागा बरेच खण मोकळा सुटला तर तो कापडावर लोंबतो, बोटात, बांगडीत अडकतो आणि चार धुण्यांत उसवतो. मध्ये कुठेतरी त्याला आडव्या धाग्याखाली दाबावं लागतं, आणि तेही नक्षी न बिघडवता. किती खणांनी दाबायचं हे सुताच्या जाडीवर ठरतं.

आता हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि नक्षीची फाइल थेट इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला जाते. पत्ते पाडणं आणि गुंफणं गेलं त्याबद्दल हळहळायचं काही कारण नाही. ते कंटाळवाणं, डोळे फोडणारं काम होतं. एक भोक चुकलं तर पत्ता परत. पण त्यासोबत ग्राफ काढणाऱ्याची नजरही जाते आहे, आणि ती हिशेबात धरलेली नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये इंचाला किती धागे हा आकडा चुकीचा भरला तर पडद्यावर फूल गोलच दिसतं. अंडाकृती होतं ते थेट कापडावर. मोकळ्या धाग्याची तपासणी सॉफ्टवेअर करतं, पण मर्यादा किती खणांची ते माणसानेच भरायचं असतं. ज्याने धागा उसवलेली चादर कधी हातात धरलेली नाही, तो तिथे आधीच भरून ठेवलेला आकडा तसाच सोडतो.

मेहनत आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र आणताना आपल्याला मेहनत वाचवायची असते. अडचण एवढीच की पारख त्या मेहनतीतूनच तयार होत होती, आणि ती जाते आहे हे लगेच लक्षात येत नाही. जुने लोक कामावर असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. ते निवृत्त झाल्यावर भोक दिसतं.

हात बसतो कसा, मोडतो कसा

कोणतंही कौशल्य अंगी लागताना आधी प्रत्येक पायरी आठवून करावी लागते, मग चुका कमी होत जातात आणि शेवटी हात बसतो, विचार न करता काम होतं. या प्रवासाला दोन गोष्टी लागतात: स्वतः केलेला प्रयत्न आणि चूक लगेच कळणं. ज्वारीची भाकरी घ्या. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून उकळीच्या पाण्याने मळावं लागतं. पाणी कोमट पडलं की थापतानाच कडेला भेगा जातात. पीठ जुनं असेल, त्याची विरी गेली असेल, तरी जातात. चूक आणि तिची शिक्षा यांत दोन मिनिटांचंही अंतर नाही, म्हणून पंधरा-वीस दिवसांत हात वळायला लागतो. मधल्या पायऱ्या यंत्राने झाकल्या की चूक कळायला उशीर होतो, किंवा कळतच नाही, आणि शिकणं तिथेच थांबतं.

विसरण्याचेही प्रकार आहेत. सायकल, पोहणं अशी सलग शरीराची कामं वर्षानुवर्षं टिकतात. ठरावीक क्रमाने करायच्या पायऱ्या आणि घाईत घ्यायचे निर्णय मात्र फार लवकर पुसट होतात. बंद पडलेल्या हृदयावर छातीदाब द्यायचं प्रशिक्षण घेतलेल्यांची कुशलता तीन ते सहा महिन्यांत लक्षणीय घसरते, हे वारंवार दिसून आलेलं आहे. म्हणजे एकदा शिकून ठेवलं आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, याला फारसा अर्थ राहत नाही. दुर्दैवाने यंत्र बंद पडल्यावर लागणारी बहुतेक कौशल्यं याच दुसऱ्या जातीची असतात.

याचं सर्वांत भीषण उदाहरण १ जून २००९ चं आहे. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं एअरबस ए-३३० रात्री अटलांटिकवरून चाललं होतं. विमानाचा वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे विसंगत झाले आणि ऑटोपायलटने स्वतःला बंद करून घेतलं. विमान ठणठणीत होतं. नळ्याही साधारण मिनिटभरात मोकळ्या झाल्या. विमान आहे तसं सरळ चालू ठेवलं असतं तरी निभावलं असतं. पण वैमानिकाने दांडी मागे ओढून नाक वर केलं, पंखांखालची उचल गेली आणि धोक्याची सूचना कानावर आदळत असतानाही नाक पुरेसं खाली घेतलं गेलं नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात होतं. २२८ माणसं गेली. २०१२ च्या चौकशी अहवालात अनेक कारणं आहेत. त्यांतलं एक असं की इतक्या उंचीवर विमान हाताने उडवायचं प्रशिक्षणच या वैमानिकांना मिळालेलं नव्हतं. रोजच्या उड्डाणात त्याची वेळच येत नव्हती ना. त्यानंतर, जानेवारी २०१३ मध्ये, अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने कंपन्यांना लेखी सूचना दिली की योग्य वेळी वैमानिकांना हाताने उडवू द्या.

डॉक्टरांकडेही तेच दिसायला लागलं आहे. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना, पुढे कर्करोगाकडे वळू शकणाऱ्या गाठी दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आली. नंतर ज्या तपासण्या त्या यंत्रणेशिवाय झाल्या, त्यांत किमान एक गाठ सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हे डॉक्टर नवखे नव्हते, प्रत्येकाच्या खाती दोन हजारांहून जास्त तपासण्या होत्या. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळा दोष यंत्रणेचाच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण पडद्यावरची चौकट डोळ्यांऐवजी शोधणार असेल तर डोळे सैलावतात, हे समजायला अवघड नाही.

आणि रस्ते? सोलापुरात नवी पेठेतून चाटी गल्लीत शिरताना फोनवरची बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते आणि समोर भिंत येते, हा अनुभव बहुतेकांना आहे. २०२० च्या एका कॅनेडियन अभ्यासात जीपीएसवर जास्त विसंबणाऱ्यांची दिशांची स्मरणशक्ती तीन वर्षांत जास्त घसरलेली आढळली; मात्र पुन्हा तपासलेले लोक अवघे तेरा होते, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

गोडी का जाते

कौशल्याइतकाच, किंबहुना त्याहून अवघड प्रश्न उमेदीचा आहे. आपण समजतो की आधी आवड असते, मग माणूस शिकतो. बऱ्याचदा उलटं होतं: जमायला लागलं की गोडी लागते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कामातली आतून येणारी ओढ तीन गोष्टींवर उभी असते असं मांडलं: काही निर्णय माझे आहेत, मला हे जमतंय, आणि मी कुणाशी तरी जोडलेला आहे. शेडमध्ये हे तिन्ही ओळखता येतं. ‘ही नक्षी अमक्याच्या हातची’ असं सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, म्हटलं जायचं, तेव्हा त्या एका वाक्यात तिन्ही गोष्टी आल्या. बटण दाबून पुढच्या मागाकडे पळणाऱ्या पोराच्या कामात यांतली एकही नाही. मग तो पुण्याला डिलिव्हरीचं काम शोधतो आणि मालक म्हणतो, आजकालच्या पोरांना काम नको.

लिहिण्या-वाचण्याच्या कामांतही तसंच. साडेतीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेलं काम जास्त चांगलं झालं. पण त्याच लोकांना पुढचं काम एकट्याने करायला दिल्यावर त्यांची ओढ कमी झालेली आणि कंटाळा वाढलेला दिसला. स्वतः लिहिलेली ओबडधोबड दोन पानं आणि यंत्राने दिलेली गुळगुळीत दोन पानं शेजारी ठेवली की पहिली फिकी वाटतात. नवशिक्याला तर फारच. त्याचं खराब काम हीच त्याची पायरी असते, आणि ती त्याला लाजिरवाणी वाटायला लागते.

पायऱ्या मोडण्याचा हा प्रकार हिशेबाच्या धंद्यात स्पष्ट दिसतो. पूर्वी दिवाणजीच्या हाताखालचा पोरगा रोजमेळ (रोजच्या व्यवहारांची वही) लिहायचा, खतावणी (त्याच नोंदी खात्यांनुसार) करायचा आणि महिनाअखेर तेरीज (नावे आणि जमा बाजूंच्या बेरजांचा तक्ता) जुळवायचा. ती जुळली नाही की खरी शाळा भरायची. फरकाला नऊने भाग जातोय का बघायचं. जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालीय: ५,४०० चे ४,५०० लिहिले, फरक ९०० चा. नसेल जात तर फरकाचं निम्मं करायचं आणि ती रक्कम शोधायची. १,२५० नावेऐवजी जमेला पडले असतील तर फरक २,५०० चा दिसणार. या शोधाशोधीत व्यवहार कुठून कुठे जातो ते डोक्यात बसायचं. सॉफ्टवेअरमध्ये तेरीज कायम जुळतेच, कारण एका नोंदीच्या दोन्ही बाजू तेच भरतं. पण मशीनच्या दुरुस्तीचा खर्च मशीन खरेदीत टाकला तरीही तेरीज जुळते. नफा वाढलेला दिसतो, घसारा चुकतो आणि वर्षअखेरीला सीएच्या टेबलावर सगळं उलगडावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट आपोआप वाचून नोंदी करणारी साधनं आल्यावर तर शिकाऊ पोराला कच्च्या नोंदीही दिसत नाहीत. अशा कचेऱ्यांत पाच वर्षांनी वरिष्ठ कुठून येणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

काय जाऊ द्यावं, काय राखावं

प्रत्येक जुनं कौशल्य राखायचा हट्ट वेडेपणाचा आहे. पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी हे पाढे आजोबांच्या पिढीला मुखोद्गत होते, कारण सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पायलीची मापं होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांची गरज सरली. साडेतीनचा पाढा येत नाही म्हणून आज कुणाचं अडत नाही.

अदमास मात्र वेगळा. सोलापूर बाजार समितीत कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडते. ३७ पिशव्या, पिशवीत सरासरी ४८ किलो, भाव क्विंटलला १,८५०. वजन १,७७६ किलो, म्हणजे १७.७६ क्विंटल, रक्कम ३२,८५६ रुपये, मग त्यातून हमाली, तोलाई वजा. समजा टाइप करताना १,८५० चे १,५८० पडले. संगणक २८,०६० रुपये ८० पैसे असं नीटनेटकं छापून देईल, पैशापर्यंत अचूक. ज्याला मनात ‘अठरा क्विंटल, साडेअठराशे, म्हणजे तेहतीस हजारांच्या आसपास’ एवढं करता येतं, त्याला ही पट्टी खटकते. ज्याला येत नाही तो पावणेपाच हजारांहून जास्त सोडून गावी जातो. अचूक गुणाकार यंत्रावर सोडला तर बिघडत नाही. उत्तर कोणत्या घरात असायला हवं ही जाणीव सोडली तर यंत्राची चूक ओळखायचं साधनच उरत नाही.

तेव्हा एखादं कौशल्य राखायचं की नाही हे ठरवताना पाहायचं ते असं: यंत्र चुकलं तर ते मला या कौशल्याशिवाय कळेल का? चुकल्यावर दुसऱ्याला बोलवायला वेळ मिळेल का? आणि त्या चुकीची किंमत काय? पत्ते पाडण्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं सोपी आहेत, जाऊ द्या. विमानाच्या बाबतीत तिन्ही अवघड. अमेरिकन नौदलाने ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं शिक्षण उपग्रहांच्या भरवशावर बंद केलं होतं, ते २०१५ च्या सुमारास पुन्हा सुरू केलं. उपग्रहाचा संकेत शत्रूला बिघडवता येतो, हे त्यामागचं एक कारण होतं.

यंत्र कौशल्य वाढवतंही, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. १९९७ मध्ये संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं तेव्हा बुद्धिबळ संपलं असं अनेकांना वाटलं. झालं उलटं, आजची मुलं इंजिनावर, म्हणजे चाली मोजणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर, तयारी करून लहान वयातच कमालीची खेळतात. पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या डी. गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनापासून लांब ठेवलं होतं. आधी स्वतः मोजायचं, मग यंत्राकडे. बुद्धिबळाच्या सामन्यात यंत्र वापरायला बंदी असते, म्हणून सराव आपोआप टिकतो. कारखान्यात, कचेरीत तशी बंदी नसते. ती आपणच थोडीशी घालून घ्यावी लागते.

शेडमध्ये ती अशी घालता येते. प्रत्येक मागाला एक वही टांगायची. धागा तुटून माग थांबला की वेळ, पन्ह्यातली जागा (डावा काठ, मध्य, उजवा काठ), टोक पिंजारलेलं की कापल्यासारखं, एवढंच लिहायचं; त्याला वीस सेकंद लागतात. शेडमध्ये ओल्या आणि कोरड्या फुग्याचा तापमापक लावून दिवसातून तीनदा आर्द्रता टिपायची. आठवड्यातून एकदा वही उघडून कामगाराने आधी स्वतःचा अंदाज सांगायचा, जॉबरने नंतर बोलायचं. हा क्रम उलटा झाला की पोरगं नुसती मान डोलावतं. तुकड्यावर मजुरी असेल तर या वेळेची भरपाई मालकाने ठरवून द्यायला हवी, नाहीतर पहिल्या आठवड्यानंतर वहीत एकाच हाताने, एकाच शाईने, शनिवारी संध्याकाळी भरलेल्या नोंदी सापडतील.

मुलांच्या अभ्यासाबाबत तुर्कस्तानातला एक प्रयोग फार उपयोगी आहे. एका हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांत गणिताच्या सरावासाठी काहींना साधा चॅटबॉट दिला, काहींना फक्त इशारे देणारा आणि उत्तर राखून ठेवणारा. सरावात दोन्ही गट जोरात पुढे. मग यंत्र काढून परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेल्यांचे गुण, यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी आले. इशारेवाल्यांचं नुकसान जवळपास टळलं, पण जास्तीचा फायदाही झाला नाही. काळजीची गोष्ट अशी की ज्यांचं शिकणं मागे पडलं त्यांना ते जाणवलंही नव्हतं. घरी यातून घेण्यासारखं काय? गणित आधी कागदावर, पंधरा-वीस मिनिटं, अडलं तरी. मग फोनला उत्तर न मागता ‘माझी कितवी पायरी चुकली’ असं विचारायचं. दुसऱ्या दिवशी त्याच जातीचं एक गणित फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आठवड्यानंतर आणखी एक. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याने जास्त टिकतं, हेही जुनं सिद्ध झालेलं आहे: २००६ च्या एका गाजलेल्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते, आणि म्हणूनच मुलं वाचण्यालाच अभ्यास समजतात.

हिशेबाच्या कचेरीत नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत एका छोट्या दुकानाचा एका महिन्याचा हिशेब पूर्ण हाताने लिहायला द्यावा: रोजमेळ, खतावणी, तेरीज. शंभर-सव्वाशे नोंदी पुरेत. मग तोच महिना सॉफ्टवेअरमध्ये भरून दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवायचे. जुन्या माणसांसाठी दर तिमाहीला, वरिष्ठाने मुद्दाम पाच चुकीच्या नोंदी घातलेली एक फाइल. त्यांतल्या दोन चुका अशा असाव्यात की तेरीज जुळते पण खातं चुकलेलं आहे. किती सापडल्या आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. गेल्या खेपेपेक्षा वेळ दीडपट झाला किंवा तीनहून कमी चुका सापडल्या, तर पुढची फाइल तीन महिन्यांऐवजी महिन्याभरात द्यायची. माणसामागे तिमाहीला दोन-तीन तास जातात. ते कामाच्या वेळेतच धरावेत, रविवारी बोलावून करून घेतल्यास दुसऱ्या तिमाहीला कुणी येत नाही.